शंभर किलो म्हणजे नक्की किती?

तर मंडळी, या वीकांताचा विषय आहे ड्रॉवरचं चॅनल. हसू नका. स्वयंपाकघरातल्या ट्रॉलीला असतं तेच, आतल्या बारीक छऱ्यांवर सरकणारं. आपण ते दिवसातून दहादा ओढतो आणि एकदाही त्याच्याकडे बघत नाही. मीही बघितलं नसतं, पण आमचे दाजी पडले जनावरांचे डॉक्टर.

दाजी सांगलीचे. तासगाव, कवठेमहांकाळ, जत असा सगळा पट्टा गेली पंचवीस वर्षं ते गाडीने पालथा घालतायत. बोलेरोच्या मागच्या भागात त्यांचा अख्खा दवाखाना असतो. सलाईन, औषधं, सुया, अडलेल्या गाईचं वासरू ओढायच्या दोऱ्या, गमबूट. २०२२ च्या लम्पीच्या साथीत तर लसींचा आइसबॉक्सही असायचा, आणि त्याच्याखाली नेमकं जे हवं ते! आता गाय व्याल्यावर अंगातलं कॅल्शियम एकदम उतरलं की ती बसते, मान टाकते. तेव्हा कॅल्शियमची साडेचारशे मिलीची बाटली शिरेतून हळूहळू द्यावी लागते. घाईने दिली तर हृदयच बंद पडायचं. म्हणजे द्यायला वेळ लागणार, तो लागू दे. पण शोधायला लागता कामा नये. रात्रीचे दोन वाजलेले, तोंडात टॉर्च, गोठ्याचा मालक शेजारी रडकुंडीला आलेला आणि डॉक्टर गाडीत कमरेतून वाकून खोक्यांशी झटापट करतायत, हे चित्र काही बरं नाही. शिवाय त्या कमरेचं एमआरआय गेल्या वर्षी निघालंय.

आधी त्यांनी एका सुताराकडून प्लायची पेटी करून घेतली होती. चॅनल स्वयंपाकघरातलं, नेहमीचं, ४५ मिलिमीटर उंचीचं, पाकिटावर छापलेलं "४५ किलो". सामान भरलं चाळीस किलो. हिशोब बरोबर ना? तीन महिन्यांत छर्रे गाडीभर झाले.

इथे आमच्यातला इंजिनियर जागा झाला. कारण ही गोष्ट ओळखीची आहे. आमच्याकडेही "माझ्या मशिनवर चालतंय" म्हणणारे असतात. ते खोटं बोलत नाहीत. फक्त त्यांचं मशिन वेगळं असतं. चॅनलवरचा आकडाही खोटा नसतो. तो एका विशिष्ट परिस्थितीत दिलेला शब्द असतो: दोन चॅनलची जोडी मिळून (एकाचा नव्हे!), दोन्ही बाजूंना उभी लावलेली, वजन ड्रॉवरभर सारखं पसरलेलं, आणि कपाट भिंतीशी शांत उभं. तेच चॅनल जागा वाचवायला ड्रॉवरच्या तळाशी आडवं लावलंत तर क्षमता कितीतरी खाली येते. आणि जतच्या कच्च्या रस्त्यावर धावणारं कपाट त्या आकड्यात कुठेच बसत नाही. तिथे प्रत्येक खड्ड्याला चाळीस किलोचा घण छऱ्यांवर बसतो.

म्हणून गाडीसाठी माझा नियम साधा: खरं वजन मोजायचं आणि किमान दुपटीचं चॅनल घ्यायचं. दाजींचं सामान आम्ही चक्क वजनकाट्यावर ठेवलं. खालच्या ड्रॉवरला साठ किलो, वरच्याला वीस. खालच्यासाठी १२० किलोच्या पुढचं हवं. असं जाड चॅनल साधारण १९ मिलिमीटर रुंद असतं, म्हणजे दोन्ही बाजू मिळून ३८ मिलिमीटर जागा खातं. स्वयंपाकघरातलं खातं पंचवीस. माप आधी घ्या, पेटी नंतर करा.

आता थोडी शाळा. ड्रॉवर ८० सेंटिमीटर लांब आहे आणि पूर्ण बाहेर ओढलाय. (पूर्ण उघडणारंच घ्या, नाहीतर मागच्या कोपऱ्यातली बाटली कायमची मागच्या कोपऱ्यातच.) साठ किलोचा मध्य पेटीच्या कडेपासून ४० सेंटिमीटर बाहेर आला. पेटी सी-सॉसारखी त्या कडेवर उलटू बघते आणि तिची मागची बाजू ३० किलोच्या जोराने उचलली जाते. पेटीचं स्वतःचं वजन आणि वरचा बंद ड्रॉवर हे बरंच सावरून घेतात. पण दाजी म्हणाले,

"पाव्हणं, माणूस बसला तर?"

"ड्रॉवरवर कोण कशाला बसेल, दाजी?"

"बसतंय की! उघडा दिसला की गडी टेकतोयच. मी आत गाईपाशी, ह्यो हितं बसून मळतोय तंबाखू."

झाली पंचाईत. सत्तर किलोचा गडी ड्रॉवरच्या टोकाला टेकला, तर तो मध्यावर ठेवलेल्या १४० किलोंइतका भारी पडतो. शंभर किलोचं चॅनल तिथेच संपलं, आणि पेटी मागून उचलली जाणार ती वेगळीच. जगातल्या कुठल्याही कॅटलॉगात हा तंबाखूवाला नाही. आमच्या हिशोबात तो घेतला आणि खालचं चॅनल दोनशे किलोंच्या पुढचं ठरलं.

दुसरा मुद्दा कुलपाचा, आणि माझ्या मते हा वजनापेक्षा मोठा. चॅनल जितकं चांगलं, तितकं ते हलकं सरकतं. म्हणजे चढावर आपोआप उघडणार. साताऱ्यात पेटी तयार झाल्यावर आम्ही पन्नास किलोची सिमेंटची गोणी आणि दहा लिटरचं पाण्याचं कॅन ड्रॉवरमध्ये टाकलं आणि कासच्या वाटेवरचा यवतेश्वरचा घाट गाठला. कडेला गाडी नाक वर करून उभी केली, मागचं दार उघडलं आणि मुद्दाम खटका काढला. साठ किलो वजन आवाजसुद्धा न करता बाहेर आलं. बाजूला उभा होतो म्हणून पाहता आलं, समोर गुडघा असता तर मोडलाच असता. ट्रॉलीचं सॉफ्ट क्लोज इथे कामाचं नाही. बंद असताना एक आणि पूर्ण उघडल्यावर एक, असे दोन्हीकडे अडकणारे खटके असलेलंच चॅनल हवं. ऑस्ट्रेलियात गाडीत फ्रिज ठेवून रानोमाळ फिरणारी मंडळी हेच वापरतात. उघडल्यावरचा खटका विसरू नका. गाडी उतारावर नाक खाली करून उभी असली की ड्रॉवर बोटांवर येतो.

आणि पेटी गाडीला बांधलेली हवीच. जोरात ब्रेक दाबला की वजनाच्या तीन चतुर्थांश वगैरे जोर पुढे येतो. टक्कर झाली तर वजनाच्या वीस-वीस पट. पुढे बसलेला असतो आपलाच माणूस. आम्ही वेल्डिंग केलं नाही आणि सीटही काढल्या नाहीत. सीटच्या मूळ बोल्टांच्या भोकांतूनच, त्याच ग्रेडचे थोडे लांब बोल्ट टाकून जाड पट्ट्या घेतल्या. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, आणि उत्पादकाच्या मूळ तपशिलाबाहेर गाडीत बदल चालणार नाही असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलंय. आपली पेटी पान्याने अर्ध्या तासात बाहेर निघाली पाहिजे, हे बरं.

उरलेलं थोडक्यात. प्लायमध्ये स्क्रू नकोत, धक्क्यांनी सैल होतात. आरपार बोल्ट आणि नायलॉनच्या कड्याचे नट लावा. वेल्डिंगने चौकट ओढली जाते, म्हणून चॅनलची भोकं लांबट ठेवा. दोन्ही बाजू समांतर येईपर्यंत सरकवा आणि मगच आवळा. धुळीच्या भागात ग्रीस थापू नका, ते धूळ धरून ठेवतं. महिन्यातून एकदा कोरड्या फडक्याने पुसणं पुरतं.

साताऱ्याहून सांगली सव्वाशेएक किलोमीटर. कराड मागे टाकलं, पेठ नाक्याला वळलो, आष्ट्यात चहा घेतला. मागून काचेचा आवाज नाही. बाटल्यांना जुन्या चपलांच्या रबराचे खाचे केलेत, ती आयडिया ताईची. नायट्रोजनचं कॅन मात्र ड्रॉवरमध्ये नाही. उणे १९६ अंशाचा तो द्रव सतत वाफ सोडतो, त्याला बंद खणात कोंडायचं नसतं. ते उभंच, पट्ट्याने बांधून, आणि खिडकीची काच थोडी खाली.

परवा ताईला फोन केला. म्हटलं, कंबर कशी आहे त्यांची? म्हणाली, दुखतेय तशीच. पण रात्री कॉल आला की आता आधी गाडी आवरत बसत नाहीत, तडक निघतात.