एसटीचा प्रवास आणि न प्यायलेलं पाणी

गेल्या मे महिन्यात आईला घेऊन बोईसरहून एसटीने मुंबईला गेले होते. राणीच्या बागेतले पेंग्विन बघून संध्याकाळी परत, एवढाच बेत. लोकलची गर्दी आणि जिने तिला झेपत नाहीत. शिवाय ७५ वर्षांवरच्यांना ऑगस्ट २०२२ पासून एसटी मोफत आहे, याचं तिला भारी अप्रूप!

चिल्हार फाट्यावरून महामार्गाला लागेपर्यंत सगळं छान होतं. वसई खाडीच्या पुलाअलीकडे मात्र गाडी तासभर अडकली. मुंबईत उतरायला आई उठली आणि डोळ्यांपुढे अंधारी येऊन परत सीटवर बसली. पिशवीतल्या तिच्या बाटलीचं झाकणही उघडलेलं नव्हतं.

"वाटेत लघवीला लागलं तर जायचं कुठे? म्हणून कालपासूनच कमी पितेय," ती म्हणाली.

तिला रागवावं म्हटलं, तर माझीही बाटली भरलेलीच होती. पेशंटना रोज "पाणी प्या" सांगणारी मी!

नेमकं काय झालं? आईच्या रक्तदाबाच्या गोळीने लघवीचं प्रमाण वाढतं. ती गोळी सकाळी घेतलेली, त्यात ऊन, घाम आणि पोटात पाणी नाही. बराच वेळ बसल्यामुळे रक्त पायांत साठतं. अशा वेळी झटकन उठलं की रक्तदाब एकदम उतरतो आणि चक्कर येते. पाणी कमी पिण्याने आणि लघवी तुंबवून ठेवण्याने मूत्रमार्गाच्या संसर्गाचा धोकाही वाढतो.

म्हणून प्रवासात थोडं थोडं पाणी पीत राहा. हृदयाच्या किंवा किडनीच्या आजारामुळे पाणी मोजून प्यायचं असेल, तर तुमच्या डॉक्टरांनी सांगितलेलंच प्रमाण पाळा. गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका. प्रवासाच्या दिवशी ती कधी घ्यायची, हे आधी विचारा. बसल्या जागी पायांचे घोटे हलवा. उतरताना सावकाश उठा. मधुमेह असेल तर खाणं जवळ ठेवा, कारण साखर उतरल्यानेही चक्कर येते. छातीत दुखलं, बोलणं अडखळलं किंवा हातपाय लुळे वाटले, तर थेट रुग्णालय गाठा.

पाणी पिऊन, थोडं खाऊन आई सावरली. पेंग्विनही पाहिले. परतताना मनोरजवळ मी कंडक्टरना पाच मिनिटं गाडी थांबवायची विनंती केली. त्यांनी एका हॉटेलपाशी थांबवली.

आमच्या मागोमाग आणखी चार बायका उतरल्या.