नेमि, नाभि आणि अर

सायकल विकत घेतांना लोक तिचा रंग पाहतात, कारखान्याचें नांव पाहतात, फार तर एका हातानें उचलून वजन अजमावतात. चाकाकडे लक्ष जातें तें हवा गेल्यावर. आमच्या घरीं मात्र गेल्या उन्हाळ्यांत दोन महिने केवळ चाकांवर खल चालला होता. सायकलीचें वेड सुशिक्षित घरांतून पुन्हां शिरत आहे. तेव्हां असा प्रसंग इतरांवरही येईल, अशा समजुतीनें त्या खलांतून जें नवनीत निघालें तें वाचकांपुढें ठेवीत आहों.

आमचे थोरले बंधु व आम्ही अलिबागजवळ एकत्र राहतों. त्यांचा मुलगा मुंबईस नोकरीला असून शनिवारीं घरीं येतो. २०२० च्या मार्चमध्यें भाऊच्या धक्क्याहून मांडव्यास रो-रो बोट सुरू झाली, त्यानंतर तो सायकल बोटींत घालूनच येऊं लागला. आणि रविवारीं पहांटे निघून मुरूडपर्यंत जाऊन यावें, असा त्याचा परिपाठ पडला. जाऊन येऊन सुमारें शंभर किलोमीटर. नाशिकचे डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन हे बंधु २०१५ सालीं, व नागपूरचे डॉ. अमित समर्थ २०१७ सालीं, सायकलीवरून अमेरिका आडवी ओलांडून गेले, हीं उदाहरणें त्याच्या जिव्हाग्रीं असतात. त्यानें एके दिवशीं जाहीर केलें कीं, आपण कार्बनचीं चाकें बांधून घेणार व खर्च लाखाच्या घरांत जाईल. पैसे त्याचे होते, हें खरें. पण एकत्र कुटुंबांत लाख रुपये एकट्याचे असले तरी त्यांची चर्चा सर्वांची असते.

वहिनींनीं विचारलें, “कार्बन म्हणजे कोळसाच ना? त्याच्यावर बसून तूं खड्ड्यांतून जाणार?”

प्रश्न हंसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. हा पदार्थ कोळशाचा सगोत्रच होय. एडिसननें १८७९ सालीं सुताच्या धाग्याचा कोळसा करून तो आपल्या दिव्यांत घातला होता. १९६० नंतरच्या दशकांत जपान व इंग्लंड येथील संशोधकांनीं कृत्रिम धाग्यास प्राणवायु वगळून हजार अंशांहून अधिक उष्णता दिली व त्यापासून केसाहून बारीक तंतु काढले. ओढीस ते पोलादाला हार जात नाहींत. वजन मात्र त्याच्या चौथ्या हिश्श्याएवढें. असे तंतु राळेंत भिजवून, पदरावर पदर सांच्यांत बसवून भाजले कीं चाकाची कड तयार होते. पूर्वीं ब्रेकचें रबर या कडेलाच घासत असे, त्यामुळें लांब उतारावर ती तापून राळ मऊ पडण्याचें भय होतें. तबकडीचे ब्रेक घेतले कीं तें उरत नाहीं. खड्ड्याचें भय मात्र उरतें. ॲल्युमिनियमची कड आपटली तर वांकते व मिस्त्री ती ठोकून बरीचशी सरळ करतो. कार्बनची कड वांकत नाहीं, तडकते. मडकें घेतांना बायका जसें वाजवून पाहतात, तशी ती आपटल्यावर नाण्यानें वाजवून पाहावी. जेथें आवाज बद्द येईल, तेथें आंत पदर सुटल्याचा संशय धरावा.

तथापि कड हा चाकाचा एकच अवयव. संस्कृतांत ती नेमि. अमरकोशकारानें हा शब्द स्त्रीलिंगी सांगून त्याच अर्थाचा प्रधि हा पुल्लिंगी शब्द शेजारीं बसविला आहे. मधला तुंबा ती नाभि, आणि दोहोंना जोडणारे ते अर. मुंडक व प्रश्न या दोन्ही उपनिषदांत रथनाभींत रोंवलेल्या अरांची उपमा येते. तें चाक जातीनें आमच्या लहानपणच्या बैलगाडीच्या चाकासारखेंच: लांकडी आरे, त्यांवर पुठ्ठे, आणि सर्वांवर लोखंडी धाव. तेथें भार येतो तो तुंब्याखालच्या आऱ्यावर, व तो खांबासारखा उभा राहून दाब सोसतो. सायकलीचा आरा म्हणजे दोन मिलिमीटर जाडीची तार. ती खांब कशी होणार? इंग्लंडांत जॉर्ज केली यानें १८०८ सालीं लांकडी आऱ्यांऐवजीं ताणलेल्या दोऱ्यांच्या चाकाची कल्पना मांडली, व १८७४ सालीं जेम्स स्टार्ले यानें तारा तिरप्या, एकमेकींस ओलांडून बसविण्याचें पेटंट घेतलें. साऱ्या तारा आधींच ताणून ठेवावयाच्या. ओझें आलें कीं खालच्या तारेचा ताण किंचित् उतरतो, इतकेंच. मूळचा ताण कमी असेल तर ती ढिली पडते, फेऱ्यागणिक हिसका खाते, आणि एके दिवशीं तुंब्याजवळच्या बांकांत मोडते.

म्हणजे चाकाचा जीव ताणांत. आणि तो ताण धरून ठेवणारी वस्तु कोणती, तर नेमीच्या पोटांत लपलेलें, आंतून आटे पाडलेलें, शेंगदाण्याएवढें निपल!

येथेंच आमच्या किनाऱ्याचा संबंध येतो. हलक्या वजनासाठीं हीं निपलें पुष्कळदां ॲल्युमिनियमचीं घालतात. कार्बन व ॲल्युमिनियम यांच्यामध्यें खारें पाणी शिरलें कीं लहानशी विजेची बॅटरीच तयार होते, आणि तींत झिजतें तें ॲल्युमिनियम. खारें पाणी आमच्याकडे शोधीत जावें लागत नाहीं; खिडकीचे गज, कुलुपें, पंख्याचीं पातीं, सर्वांना तें वाऱ्यावरून येऊन भेटतें. आमच्या परिचयांतील एका तरुणाचें महागडें तयार चाक दुसऱ्या पावसाळ्यानंतर काशीदच्या उतारावर खिळखिळें झालें. दोन आरे सुटले, तो पडला, आणि गळ्याचें हाड मोडून सहा आठवडे घरीं बसला. टायर काढून पाहतात तों निपलांभोंवतीं पांढरी भुकटी! कड मात्र आरशासारखी चकचकीत.

म्हणून निपलें पितळेचीं घ्यावीं, असा आम्हीं आग्रह धरला. पुढच्या चाकास २४ व मागच्यास २८ आरे धरले तर ५२ निपलें होतात, व पितळेपायीं वजन सुमारें ३५ ग्रॅमनें वाढतें. पुतण्यानें शास्त्रार्थ केला, “काका, वेग घेतांना परिघावरचें वजन दुप्पट मोजावें लागतें.”

आम्हीं म्हटलें, “दुप्पट मोज. सत्तर ग्रॅम झाले. रेवदंड्याच्या नाक्यावर तूं जो वडापाव खातोस, त्याचें वजन कर.”

पुढचा वाद नेमीच्या खोलीचा. त्याच्या मनांत ६० मिलिमीटर खोल कड होती. ती वेगांत वारा सुबक कापते, यांत शंका नाहीं. आणि दिसते फार ऐटदार, हें खरें कारण. पण रेवदंड्याहून साळावला जातांना कुंडलिकेच्या खाडीवर जो पूल लागतो, त्यावर पावसाळ्याच्या तोंडावर समुद्राचा वारा कुशींत शिरतो. तशा वेळीं पुढचें खोल चाक शिडाप्रमाणें वळूं पाहतें. आमचें ऐकून तो गप्प बसला नाहीं. मित्राचीं खोल चाकें एक रविवार मागून आणलीं आणि पुलावरून जाऊन आला. त्यानंतर ३५ मिलिमीटरवर त्याचें आपण होऊनच समाधान झालें. वीस आऱ्यांचा हट्टही त्याच दिवशीं सुटला. ऐंशी किलो वजनाच्या माणसानें आमच्या रस्त्यांवर असली काटकसर करूं नये.

चाकें बांधलीं कोणीं? बाजारांत चाळीस वर्षें चाकांचा आऊट काढीत असलेल्या मिस्त्रीनें. कार्बनची कड त्यानें पूर्वीं हातांत धरली नव्हती. पुतण्यानें तुंब्याचा व कडेचा व्यास मोजून आऱ्यांच्या लांब्या मिलिमीटरपर्यंत काढल्या. त्यांत त्रिकोणमितीचें कोसाइनचें सूत्र कामास आलें; आम्ही जन्मभर संस्कृत शिकविलें, तरी शाळेंतलें गणित असें व्यवहारांत उतरलेलें पाहून धन्यता वाटली. तबकडीच्या ब्रेकांचा पीळ आऱ्यांतूनच कडेला पोंचतो, म्हणून दोन्ही चाकांत आरे एकमेकांस ओलांडून घातले. मागच्या चाकांत उजवीकडे दांतेरी चक्रें असल्यामुळें तिकडचे आरे जास्त उभे बसतात व त्यांना ताणही जास्त लागतो. कडेच्या कारखान्यानें घातलेल्या मर्यादेंत राहून तेथें सुमारें ११० किलोंचा ताण दिला. डावीकडे त्याच्या निम्म्याहून थोडा अधिकच येतो. मिस्त्री चावी पाव फेरा फिरवी आणि तार नखानें छेडून ऐके. पुतण्या मागोमाग मापकयंत्र लावी. तिसऱ्या दिवशीं यंत्र व कान यांचा मतभेद उरला नाहीं.

तीनशे किलोमीटर झाल्यावर चाकें पुन्हां तपासावीं लागतात, कारण नव्या तारा बसत जातात. तेव्हां डावीकडची एक तार उतरलेली निघाली. ती आधीं कानाला कळली, हें नमूद केलें पाहिजे. मिस्त्रीनें आम्हांस बजावून सांगितलें आहे. पाव फेऱ्यांत काम झालें.

आतां रविवारीं दुपारीं पुतण्या मुरूडहून परतला कीं वहिनी विहिरीच्या गोड्या पाण्याची बादली अंगणांत भरून ठेवतात, आणि दोन्ही चाकें धुऊन झाल्याखेरीज त्याचें पान वाढीत नाहींत.