दीड थाऊ

चौथ्यांदा इंजिन पकडलं तेव्हा मी पाणंदीच्या मधोमध गाडी धरून उभा होतो. दोन्ही बाजूंना डोक्यावर गेलेला ऊस, पायाखाली घोटाभर चिखल. किक खाली जाईना. दहा-पंधरा मिनिटांनी ब्लॉक निवला, किक सुटली आणि गाडी वर्कशॉपपर्यंत आलीसुद्धा. पण हेड उघडायच्या आधीच मला माहीत होतं आत काय दिसणार. पिस्टनच्या एक्झॉस्टकडच्या अंगाला, पोर्टच्या उजव्या कडेच्या बरोबर रेषेत, नखाएवढ्या रुंदीचा ओरखडा. आधीच्या तीन वेळांनाही तोच, तिथंच.

गाडी दादाची. १९८९ ची आरएक्स १००. तेव्हा डीटी-१ सारखी गाडी आम्ही फक्त परदेशी मासिकांतल्या चित्रांत पाहिलेली. यामाहानं ती १९६८ साली काढली होती, २४६ सीसीची, डांबर आणि रान दोन्ही तुडवणारी. आपल्याकडे हिरोची इम्पल्स आली ती २०११ साली. मधल्या काळात ज्याला माळावर उड्या मारायच्या होत्या त्यानं समोर असेल ती गाडी कापली, आणि समोर आरएक्स होती. ९८ सीसी, बोअर ५० आणि स्ट्रोकही ५०, साडेसात हजार आरपीएमला अकरा हॉर्सपॉवर, वजन शंभर किलोच्या जरा वर. दादानं पुढचा मडगार्ड उचलून वर बांधला, कारण आपली काळी माती टायर आणि मडगार्डच्या मध्ये बसली की चाकच फिरत नाही. सायलेन्सर वर वळवला, इंजिनाखाली पत्रा ठोकला, मागचं स्प्रॉकेट मोठं केलं. पुढची पंधरा वर्षं त्यानं ती गावोगावच्या माळांवर पळवली.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी प्रयाग चिखलीत शिरलं तेव्हा गाडी तिथल्या गोठ्यात उभी होती. हँडलच्या वर पाणी गेलं. पाणी उतरल्यावर दादानं क्रँककेसमधून ओंजळभर गाळ काढला आणि म्हणाला, बघू नंतर. ते नंतर त्याच्या हातून झालं नाही. तो गेल्यावर वर्षभरानं त्याची मुलगी गाडी टेम्पोत घालून माझ्या दारात घेऊन आली. ती कळंब्याच्या आयटीआयची मशिनिस्ट. म्हणाली, "काका, बाबांची होती तशी करायची. मी पण करतो."

बेअरिंगं, सील, क्रँक, वायरिंग, पुराच्या गाडीला जे जे लागतं ते सगळं झालं. पुढच्या शॉकअपला ट्रॅव्हल वाढवला, मागचे चांगले घातले, हँडलला आडवी दांडी दिली. त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. ब्लॉकची मूळ स्लीव्ह गंजानं खाल्ली होती, म्हणून नवी बसवली. माझ्याच हातानं, माझ्याच बोअरिंग मशिनवर.

इथं मला अंगठ्याबद्दल सांगितलं पाहिजे. आरएक्सच्या पिस्टनला मी दीड थाऊ फट सोडतो. इंचाच्या हजाराव्या भागाच्या दीडपट, मिलिमीटरमध्ये साधारण ०.०३८. रिंगा न घालता कोरडा पिस्टन बोअरमध्ये सोडायचा आणि वरून अंगठा ठेवायचा. दीडला तो स्वतःच्या वजनानं पडत नाही, पण अंगठ्याचा भार झाला की लोण्यातून गेल्यासारखा उतरतो. सांगली, इचलकरंजी, बेळगाव, कुठून कुठून पोरं ब्लॉक घेऊन यायची ती या अंगठ्यासाठी. मी त्यांच्या समोर गेज हातात घ्यायचो नाही. आज लिहून टाकतो: मी ते गेज आदल्या रात्रीच लावलेलं असायचं. मायक्रोमीटरही. सकाळी गिऱ्हाइकासमोर फक्त अंगठा. अंगठ्याला खरंच कळायचं, ते खोटं नव्हतं. पण त्याला एकट्याला कळतं हा जो बोलबाला झाला तो मी होऊ दिला, आणि तो ऐकायला मला फार आवडायचं.

दोन वर्षांपूर्वी साखर निघाली. हळूहळू बोटांची टोकं बधिर झाली. आता दीड आणि अडीच मला सारखेच लागतात. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं, पुतणीलाही नाही.

म्हणून पहिल्यांदा इंजिन पकडलं तेव्हा मनात पहिली शंका अंगठ्याची आली आणि मी ती दाबून टाकली. दोष पेट्रोलला दिला. लिटरला ३० मिली ऑइल पडत होतं ते ४० केलं. ब्लॉक कापून एक साइज मोठ्या पिस्टनवर, पंचवीसवर, नेला. पुन्हा पकडलं. मेन जेट दोन नंबर वर घेतला, प्लगचा रंग बदामीवरून चॉकलेटी झाला, म्हणजे मिश्रण कोरडं नव्हतं. तिसऱ्या वेळी पन्नासवर नेऊन दीडाऐवजी दोन थाऊ सोडले. थंड असताना पिस्टन खडखड वाजायला लागला आणि तरीही पकडलं. पिस्टनची कंपनी बदलली. पंचाहत्तरवर गेलो. चौथी वेळ वर सांगितलीच. आता फक्त शेवटचा साइज उरला होता.

पिस्टन घाईनं तापून फुगला असता तर ओरखडे चारही कोपऱ्यांना आले असते. तेल कमी पडलं असतं तर सगळा स्कर्ट माखला असता. हा एकाच जागी येत होता. रात्री डोळे मिटले की मला ती जागा दिसायची. जेवतानाही मी ताटातल्या भाकरीवर बोटानं पोर्ट काढत बसायचो. बायकोनं एकदा ताट उचलून नेलं.

पुतणी म्हणाली, "काका, स्लीव्ह काढून बघू या की."

"स्लीव्ह मी बसवलीय," मी म्हणालो.

ती गप्प बसली. हे वाक्य मी चार दिवसांत तीन वेळा बोललो. पाचव्या दिवशी मी दवाखान्यात गेलो असताना तिनं ब्लॉक भट्टीत तापवून स्लीव्ह काढून ठेवली. परत आलो तर बेंचवर अ‍ॅल्युमिनियमचा मोकळा ब्लॉक आणि शेजारी स्लीव्ह. रागावायचं म्हणून तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. स्लीव्हच्या बाहेरच्या अंगाला, एक्झॉस्ट पोर्टच्या उजव्या कडेला, रुपयाएवढा करपलेल्या तेलाचा डाग होता. बाकी सगळीकडे लोखंड स्वच्छ, राखाडी, अ‍ॅल्युमिनियमला घट्ट चिकटून राहिल्याची खूण. त्या रुपयाएवढ्या जागेत दोन्ही धातू एकमेकांना भेटलेच नव्हते. मध्ये फट होती, फटीत तेल शिरून जळत होतं, आणि स्लीव्हची उष्णता फिनांकडे जायला वाटच नव्हती. बोअरमधली सगळ्यात गरम जागा, आणि नेमकी तिचीच पाठ उघडी. तापली की तिथलं तेल आटणार आणि पिस्टन घासणार. पिस्टनला कितीही थाऊ सोडले असते तरी हेच झालं असतं.

फट का राहिली तेही कळलं. ब्लॉक आतून कापताना पोर्टच्या तोंडाशी टूलला धातू मिळत नाही, तो पोर्टात झेपावतो आणि बाहेर पडताना कड जास्त खातो. टूलची धार जरा बोथट असली की जास्तच. मापं मी वर आणि खाली घेतली होती, जिथं गोल पूर्ण असतो. मध्ये गेजचा पाय पोर्टात पडतो, माप घेणं अवघड. तिथं मी बोट फिरवलं होतं आणि बोटाला काही लागलं नव्हतं.

दुरुस्ती तिनं केली. पोर्टांत अ‍ॅल्युमिनियमच्या खुंट्या ठोकून बसवल्या, म्हणजे टूलला सलग धातू मिळेल. धार नवी लावली, ब्लॉक आणखी थोडा मोठा कापला, बाहेरून जाड अशी दुसरी स्लीव्ह वळवली. तिला प्रशियन ब्लू लावून गार ब्लॉकच्या तोंडाशी टेकवत, फिरवत, निळा रंग कुठं उठतो कुठं नाही ते बघत बसली. दोन दिवस. मी असतो तर अर्ध्या तासात उरकलं असतं. मग ब्लॉक तापवून, अडीच थाऊ टाइटमध्ये, एका दमात स्लीव्ह सोडली.

हे काम आता कोल्हापूरच्या उद्यमनगरात किती जणांना येतं? ज्या गावानं शेतातल्या ऑइल इंजिनांचे सुटे भाग ओतण्यात हयात घालवली, तिथं ब्लॉक बोअर करणारी दुकानं बोटावर मोजण्याइतकी राहिलीत. झिजला ब्लॉक की फेका, नवं किट घाला. आणि आरएक्स? ती १९९६ ला बंद झाली, आता लाख-दीड लाखाला जाते. जे लोक ती घेतात ते क्रोम मारतात, चेंबर सायलेन्सर लावतात, रंकाळ्यावर उभी करून व्हिडिओ काढतात. आतल्या क्रँकला गंज तसाच असतो. मला याचा मनापासून राग येतो. जी गाडी चिखलात जायची तिला आरशासारखी चमकवून सावलीत ठेवायची, यात गाडीवर कसलं प्रेम आलं?

नव्या स्लीव्हचा ब्लॉक घालून पुतणीनं गाडी त्याच पाणंदीत नेली. पाऊण तास ती दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये चिखल तुडवत होती. आली तेव्हा मी फिनांवर हात ठेवायला गेलो, तिनं माझं मनगट धरलं. "भाजेल काका. तुमाला कळत न्हाई आता." तिला माहीत होतं. कधीपासून, ते मी विचारलं नाही.

मी बसवलेल्या प्रत्येक स्लीव्हच्या ब्लॉकला खाली, क्रँककेसला टेकतो त्या बाजूला, पंचनं एक छोटी चांदणी मारतो. कुणाला दिसत नाही, पण उघडणाऱ्याला कळावं कुणाचं काम आहे. वही काढून बघितलं. बोटं बधिर झाल्यापासून चांदणीचे नऊ ब्लॉक बाहेर गेलेत. पुतणी शेजारी बसली, मी एकेकाला फोन लावला आणि जे झालं ते सांगितलं. दोघांनी उचलला नाही. एकजण म्हणाला, गाडी चांगली चाललीय, उगीच उघडू नका. मी म्हणालो, पैसे नकोत, पण घेऊन ये. गडहिंग्लजचा शनिवारी येतोय.