वाकण्याची परीक्षा

गेल्या पावसाळ्यात, रोप लावणीच्या दिवसांत, आमच्या गावातील एक माउली कमरेवर हात ठेवून माझ्याकडे आली. “फादर, कंबर धरली आहे, काय करू?” मी मोठ्या आत्मविश्वासाने उत्तरलो, “महिनाभर पडून राहा. मुळीच वाकू नका.” त्या भोळ्या बाईने माझा शब्द प्रमाण मानला. तिची मजुरी बुडाली आणि कंबर मात्र अधिकच आखडली.

पुढे दोन महिन्यांनी माझीच कंबर धरली. बेळगावातील एका फिजिओथेरपिस्ट बाईंकडे गेलो. त्या म्हणाल्या, “फादर, हॉटेलातील वेटर अदबीने झुकतो ना, तसे झुका. कंबर न वळवता केवळ खुब्यातून.” वेदीपुढे नित्य वाकणारा मी, परंतु माझी कंबरच गोल होत होती आणि मला त्याची जाणीवही नव्हती! मग ताठ बसून, कंबर न हलविता गुडघा सरळ करणे. एका पायावर उभे राहिल्यावर बेंबी किती सरकते ते पाहणे. रांगत्या मुलासारखे होऊन मागेपुढे झुलणे. पालथे पडून गुडघा दुमडणे. उभ्याने ओटीपोटाचे हाड मागेपुढे कलविणे. अशा सहा परीक्षा झाल्या. मी तिहींत नापास!

हान्नू लुओमायोकी आणि सहकाऱ्यांनी स्वित्झर्लंडमध्ये या सहा परीक्षा २१० माणसांवर करून पाहिल्या. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात कंबरदुखीच्या १०८ रुग्णांच्या सरासरी २.२१ परीक्षा चुकल्या; १०२ निरोगी माणसांच्या केवळ ०.७५. अर्थात, हालचालीवरचा ताबा सुटल्याने वेदना होते की वेदनेमुळे ताबा सुटतो, हे यावरून ठरत नाही. तसेच ताबा शिकविणारा व्यायाम इतर व्यायामांहून फार सरस आहे, असेही नाही. परंतु आपली कंबर कोठे चुकते, हे माणसाला त्यातून उमगते.

वाचकहो, बहुतेक कंबरदुखीत हाडामांसाचा एखादा ठराविक बिघाड सापडत नाही. अशा वेळी झेपेल तेवढे हिंडतेफिरते राहावे. दीर्घकाळ अंथरुण धरणे हितकारक नव्हे. मात्र पायांतील बळ जाऊ लागले, जांघेत बधिरता आली, लघवी-शौचावरचा ताबा सुटला, अथवा कंबरदुखीसोबत ताप आला वा वजन घटू लागले, तर तत्काळ डॉक्टर गाठावा.

बेळगावहून परतताच मी त्या माउलीच्या घरी गेलो. “बाई, माझा सल्ला चुकला, मला क्षमा करा,” असे म्हणून खुब्यातून कसे वाकावे ते तिला करून दाखविले. ती हसून म्हणाली, “फादर, तुमचीच कंबर अजून गोल होते आहे!”

आता ती त्या बाईंकडे जाऊन व्यायाम शिकते आहे. मी देखील रोज सकाळी वाकण्याचा धडा गिरवितो, आणि कोणी दुखणे सांगितले, तर आधी विचारतो, “डॉक्टरांना दाखविले का?”