पेशंट पुस्तकातलं बोलत नाही

मिरजेत संध्याकाळी मी नर्सेसची ओईटीची तयारी करून घेतो. ही इंग्रजीची परीक्षा मूळची ऑस्ट्रेलियातली, खास आरोग्यसेवेतल्या लोकांसाठी. ब्रिटनच्या नर्सिंग कौन्सिलनं २०१७ मध्ये ती मान्य केली आणि आयईएलटीएसच्या निबंधांना कंटाळलेल्या मुली तिकडे वळल्या. माझ्याकडे येतात त्या ड्यूटी संपवून, केसांच्या पिनाही न काढता. सिंकोप, एडिमा, डिस्पनिया हे शब्द त्या झोपेतही सांगतील. घोडं अडतं ते अप, ऑफ, आऊट, डाऊन या चिल्लर शब्दांपाशी.

परीक्षेत रोल-प्लेच्या आधी थोड्या गप्पा होतात. त्याचा सराव करताना एक मुलगी आत्मविश्वासानं म्हणाली, ‘आय पास्ड आऊट इन २०१९ अँड देन आय वेंट टू आयसीयू.’ वर्गात कोणालाच काही खटकलं नाही. आपल्याकडे अख्खा देश पास आऊट होतो, त्यात वावगं काही नाही. पण इंग्लंडमधल्या माणसाला ऐकू येणार की बाई २०१९ मध्ये बेशुद्ध पडली आणि तिला आयसीयूत हलवलं! हे सांगितल्यावर ती स्वतःच इतकी हसली की पुढचा तास तिथेच संपला.

असे चिल्लर शब्द जोडलेल्या क्रियापदांच्या, म्हणजे फ्रेझल व्हर्ब्जच्या, पुस्तिका बाजारात मिळतात, ए टू झेड. मला त्या निरुपयोगी वाटतात. ‘ब्रेक’खाली ब्रेक अप, ब्रेक डाऊन, ब्रेक आऊट, ब्रेक इन एका रांगेत पाठ केले की चारही एकमेकांत मिसळतात. म्हणून मी तक्रारीनुसार शिकवतो. पोट बिघडलेला पेशंट ‘व्हॉमिट’ म्हणेलच असं नाही. तो ‘थ्रो अप’ म्हणेल. ‘आय कान्ट कीप एनिथिंग डाऊन’ म्हणाला, तर पोटात पाणीही ठरत नाहीये. कफ ‘ब्रिंग अप’ होतो, अंगावर पुरळ उठलं की माणूस ‘कम आऊट इन अ रॅश’, आणि गोळीचा असर उतरला की ती ‘वेअर ऑफ’ झाली.

अर्थ कळला तरी जागेचा घोळ उरतो. ‘टेक ऑफ युअर शर्ट’ चालतं, ‘टेक युअर शर्ट ऑफ’ही चालतं. पण शर्टऐवजी ‘इट’ आलं की ते मधेच बसणार: ‘टेक इट ऑफ’. ‘टेक ऑफ इट’ कुणी म्हणत नाही. उलट आजारातून उठायचं असेल तर ‘गेट ओव्हर इट’. तिथे ‘इट’ला मधे शिरकाव नाही. हे फळ्यावर लिहून जमत नाही. एकीला बाकावर बसवायचं, दुसरीनं बीपीचा पट्टा हातात घेऊन बोलायचं: ‘रोल अप युअर स्लीव्ह… रोल इट अप.’ आमच्या मुली जोर ‘टेक’वर देतात आणि ‘ऑफ’ गिळतात. खरं तर असं तोडून बोलताना जोर त्या शेवटच्या टिकलीएवढ्या शब्दावरच हवा. तोच गिळला तर गाऊन चढवायचा की उतरवायचा, हे त्या म्हाताऱ्या पेशंटनं कसं ओळखायचं?

‘सर, या इंग्रजांना क्रियापदं कमी पडतात का हो?’ एकीनं वैतागून विचारलं. म्हटलं, ‘तो नको ते बोलून बसला’ हे परदेशी माणसाला समजावून दाखव, बसलं कोण? ‘खाऊन टाक’मध्ये टाकायचं काय? सॅम्युअल जॉन्सननं १७५५च्या आपल्या कोशाच्या प्रस्तावनेत कबूलच केलंय, की परक्यांना सगळ्यात जड जातात ती हीच क्रियापदं. हे ऐकून तिचं समाधान झालं नाही. जॉन्सनला कुठे ओईटी द्यायची होती!

ब्रिटनमध्ये पोचलेल्या मुली व्हॉट्सअ‍ॅपवर नवनवे नमुने पाठवतात. परवा एकीचा आवाज आला: ‘सर, आजोबा म्हणतायत, माय हिप इज प्लेइंग अप. चार्टवर काय लिहू?’ तिला कळवलं की जुन्या दुखण्यानं पुन्हा डोकं वर काढलंय. कधीपासून, किती, उठताना की बसताना, ते विचार. संध्याकाळी तेच वाक्य नव्या बॅचपुढे टाकलं. पहिल्या बाकावरची ठामपणे म्हणाली, ‘फिजिओथेरपी चालू असणार, सर. खेळायला लागलेत.’