आधीच केलेली तरतूद

बँकेत दरवर्षी बढतीचं परिपत्रक निघतं, आणि मग शाखेत काही दिवस दुसरा विषय नसतो. माझी सगळी नोकरी बँकेत गेली, त्यातली बरीच वर्षं कर्ज विभागात. या परिपत्रकाच्या दिवसांतली एक गोष्ट मला कायम अस्वस्थ करत आली. अर्ज न भरणाऱ्यांमध्ये शाखेतली सगळ्यात जाणती माणसं असतात. जिची कॅश संध्याकाळी बिनचूक जुळते, जिला विचारल्याशिवाय मॅनेजरसाहेबही जुन्या खात्याला हात लावत नाहीत, तीच म्हणते, "नको गं, मला नाही झेपायचं. जरा नीट विचार करते, पुढच्या वर्षी बघू."

बढतीबरोबर येणाऱ्या बदलीची अडचण खरी असते. घरी सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या असतात, मुलगा दहावीला असतो. अशा कारणाने जी नाही म्हणते, तिच्या निर्णयाचा मी मान राखते. मी बोलते आहे ते जिला जायचं असतं, घरचेही तयार असतात आणि तरीही जिचा अर्ज खणात पडून राहतो तिच्याविषयी. माझी सही चुकीच्या कर्जावर झाली तर? ऑडिटमध्ये शेरा आला तर? वयाने मोठ्या सहकाऱ्यांना काम कसं सांगायचं? प्रश्न अगदी रास्त आहेत. पण ते विचारले जातात मध्यरात्री, छताकडे बघत, आणि तिथे उत्तर देणारं कुणी नसतं.

असा अतिविचार ओळखणं अवघड, कारण तो कष्टांसारखा दिसतो. थकवाही खऱ्या कामाइतकाच येतो. सुझन नोलेन-होक्सेमा या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बाईंनी याच सवयीचा आयुष्यभर अभ्यास केला. १७ ऑक्टोबर १९८९ रोजी सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात मोठा भूकंप झाला. त्याच्या दोनच आठवडे आधी त्यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांच्या मनःस्थितीची आणि विचारांच्या सवयींची नोंद घेतलेली होती. भूकंपानंतर पुन्हा घेतली. मनातलं दुःख घोळवत बसायची सवय ज्यांना आधीपासून होती, त्यांच्यात सात आठवड्यांनंतरही नैराश्याची लक्षणं अधिक आढळली. सतत विचार करून त्यांना संकटातून लवकर बाहेर पडता आलं नव्हतं, उलट ते त्यातच अडकून राहिले होते.

मग बाहेर कसं पडायचं? मला स्वतःला अल्बर्ट एलिस यांचा मार्ग पटतो. १९५५च्या सुमारास त्यांनी जी विवेकनिष्ठ मानसोपचारपद्धती मांडली, ती मराठी माणसांपर्यंत आणली कि. मो. फडके यांनी. १९६८पासून कित्येक वर्षं या दोघांचा पत्रव्यवहार चालला होता. एलिस तरुणपणी मुलींशी बोलायला विलक्षण घाबरायचे. १९व्या वर्षी त्यांनी ठरवलं की महिनाभर न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातल्या वनस्पती उद्यानात जायचं, बाकावर एकटी बसलेली स्त्री दिसली की शेजारी बसायचं आणि मिनिटभराच्या आत बोलायला सुरुवात करायची. १३० जणींच्या शेजारी ते बसले. ३० उठून गेल्या. उरलेल्या १०० जणींशी ते बोलले. एकीने भेटायचं कबूल केलं, तीही आली नाही. फलित म्हणून पाहिलं तर हाती शून्य. पण भीती गेली, कारण ज्याला ते घाबरत होते तो नकार त्यांनी पोटभर अनुभवला होता आणि त्यातून काहीही भयंकर घडलं नव्हतं. एलिस पुढे जन्मभर सांगत राहिले की कृतीला गुण द्या, अख्ख्या माणसाला गुण देत बसू नका.

कृती केली की भीती ओसरते, हे मला कर्ज विभागात रोजच्या कामात दिसलं. इचलकरंजीच्या एका खर्चीवाल्या, म्हणजे व्यापाऱ्याच्या सुतावर मजुरीने कापड विणून देणाऱ्या यंत्रमागधारकाचं प्रकरण माझ्या टेबलावर आलं, तेव्हा मी नवी अधिकारी होते. हा आपला प्रांत नाही, असंच वाटत होतं. मी एका वहीत मनातल्या सगळ्या शंका लिहिल्या आणि प्रत्येकीसमोर लिहिलं, याचं उत्तर कुणाकडे आहे. मग कारखान्यात गेले. पिकामागे, म्हणजे आडव्या धाग्यांच्या हिशेबाने, मजुरी किती मिळते ते विचारलं, सूत देणारा व्यापारी पैसे किती दिवसांनी देतो ते विचारलं, आणि वर्षभराची वीजबिलं मागून घेतली. माग किती चालले हे वीजबिल सांगतं. मागांच्या खडखडाटात शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नव्हतं, मग मी लायक आहे की नाही हा प्रश्न कुठून ऐकू येणार? लक्ष माझ्यावरून उठून मागांवर गेलं होतं. संध्याकाळी सही करताना खात्री नव्हती. माहिती मात्र पुरेशी होती.

खात्री बँकेलाही नसते. ९० दिवसांहून जास्त काळ हप्ता थकला की खातं अनुत्पादक ठरतं, आणि अशी काही खाती निघणारच, हे बँक पैसे देतानाच गृहीत धरते. मी काम केलं त्या काळात रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे अगदी चोख चाललेल्या कर्जावरही तरतूद ठेवावी लागे. शेती आणि लघुउद्योगांसाठी ती ०.२५ टक्के होती, इतर बहुतेक कर्जांसाठी ०.४० टक्के. म्हणजे लाखाचं चांगलं कर्ज दिलं की अडीचशे ते चारशे रुपये संभाव्य नुकसानीपोटी बाजूला काढायचे. अधिकाऱ्याच्या सहीकडेही याच समंजसपणे पाहिलं जातं. खातं थकलं तर चौकशीत विचारतात, तेव्हा हाताशी असलेली माहिती तपासली होती का, पाहणी केली होती का, अधिकारात राहून मंजुरी दिली होती का. भविष्य का कळलं नाही, असं कुणी विचारत नाही. ते आपण स्वतःला विचारतो, तेही एकही कर्ज मंजूर करण्याआधी. व्याजावर जगणारी संस्था माणसाच्या चुकीला जेवढी जागा ठेवते, तेवढी स्वतःच्या बाबतीत आपल्याला ठेवता येऊ नये, याचं मला खरंच वाईट वाटतं.

शंका अधिकारी झाल्यावरही येतात. पुढच्या प्रत्येक बढतीला मला त्या आल्या. कर्ज देताना जिला शंकाच येत नाही, अशा अधिकाऱ्याच्या हाती मी मंजुरीचे अधिकार सोपवणार नाही. शंकेने एवढंच करावं की आपल्याला कारखान्यापर्यंत न्यावं, वीजबिल मागायला लावावं.

म्हणून काउंटरवरच्या माझ्या मैत्रिणींना आणि मित्रांना कळकळीची विनंती आहे. तुम्हाला जायचं असेल आणि घरचे तयार असतील, तर यंदाचं परिपत्रक आल्यावर विचार करायला वर्ष मागू नका. शंका वहीत लिहा, त्यांची उत्तरं ज्याच्याकडे आहेत त्याला दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत गाठा, आणि मुदत संपायच्या आत अर्ज भरा.