दुसरा मणी

पहिला मणी कोणालाही जमतो. पॉलिमर क्लेचा तुकडा घ्यावा, तळहातांत फिरवावा, गोळी तयार. कस लागतो तो दुसऱ्या मण्याला. त्याला नुसतं गोल असून भागत नाही, पहिल्यासारखं असावं लागतं. आणि आमच्याकडे पारखणारे डोळे फार कडक. लेडीज डब्यात पुठ्ठ्यांवर कानातली टोचून घेऊन विकणारी येते. मग ठाणं सुटल्यापासून डोंबिवली येईपर्यंत जोडी उजेडाकडे धरून, उलटसुलट करून पाहणाऱ्या बायका असतातच. साच्यातून निघालेला माल त्या परीक्षेत सहज पास होतो. हातानं केलेल्या मालालाही पेपर तोच, ग्रेस मार्क नाहीत.

म्हणायला ही माती, पण हिच्यात खऱ्या मातीची गरजच नसते. पीव्हीसीची पूड, तिला मऊ ठेवणारा प्लास्टिसायझर आणि रंग, एवढाच कारभार. साधारण ११० ते १३० अंश सेल्सिअसला भाजली की पुडीचे कण एकमेकांत मिसळून घट्ट होतात; त्याहून फार तापली तर करपते आणि घशाला झोंबणारा धूर सोडते. म्हणून तिच्यासाठी छोटा ओव्हन वेगळा, आणि आत थर्मामीटर. जर्मनीत बाहुल्या करणाऱ्या केथे क्रूझ यांच्या घरात तिची एक जात हाताळली गेली. त्यांची लेक फिफी हिच्या हातून ती पुढे सरकली आणि १९६०च्या दशकात ‘फिमो’ या नावानं विकायला आली. थंड देशातली ही पाहुणी डोंबिवलीच्या मे महिन्यात पार ढिली पडते. बोट लावलं की ठसा उमटतो, तळहाताला घाम असेल तर गोळी घसरते. उन्हाळ्यात मी क्ले फ्रिजमध्ये ठेवते आणि वळायला बसते ती सकाळी लवकर. पांढरा रंग सगळ्यांत आधी, लाल आणि काळा शेवटी. नाहीतर लालाचा अंश पांढऱ्यावर बसतो आणि मग तो जात नाही.

हाताला गोल करता येतं, मोजता येत नाही. तेव्हा मोजायचं काम हातात येण्याआधीच उरकायचं. दोन्ही बाजूंना ३ मिलिमीटर जाडीच्या पट्ट्या ठेवून मधली क्ले लाटायची, म्हणजे थर सगळीकडे सारखा येतो. त्यातून १५ मिलिमीटरच्या गोल कटरनं चकत्या पाडायच्या. अशी एक चकती वळली की बरोबर १० मिलिमीटरचा मणी होतो. मोठा हवा तर दोन चकत्या एकत्र वळायच्या. यात भूमितीही आपल्या बाजूनं उभी राहते. गोलाचा व्यास घनमुळाच्या हिशेबानं वाढतो, त्यामुळे क्ले दहा टक्के जास्त पडली तरी मणी जेमतेम तीन टक्क्यांनी फुगतो. दहा मिलिमीटरला तो फरक सुईच्या टोकाएवढा. वजनकाट्यावर पकडला जाणारा मणी डोळ्यांसमोरून सुखरूप निसटतो.

रंगात मात्र ही माफी नाही. दोन रंग मळून जी छटा येते ती पुन्हा तशीच येत नाही, त्यात भाजल्यावर रंग किंचित गडद होतो. म्हणून अख्ख्या माळेचा रंग एकाच वेळी मळायचा. नक्षीचं गणित आणखी मजेचं. रंगांच्या पट्ट्या आणि दांड्या एकत्र बांधून एक जाड दांडा करतात, त्याला केन म्हणतात. अळूवडीचा उंडा कुठेही कापला तरी प्रत्येक वडीत तीच गुंडाळी दिसते, तसं केनचं आहे. दांडा दाबत, ओढत बारीक केला तरी आतलं फूल बारीक होतं, मोडत नाही. टोकांकडे तेवढं वेडंवाकडं होतं, ते कापून टाकायचं. कानातल्यांसाठी लागोपाठचे दोन काप घ्यावेत आणि एक उलटा करावा. मग डाव्या कानातलं फूल उजव्या कानाकडे तोंड करून बसतं.

सारखेपणाचा हा हट्ट आजचा नाही. बोरमाळ, मोहनमाळ, ठुशी, सगळे दागिने त्याच्यावरच उभे आहेत. कल्याणचं नाव ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात बंदर म्हणून येतं, आणि कान्हेरीच्या लेण्यांतल्या शिलालेखांत दान देणाऱ्या कल्याणकरांमध्ये एक सोनारही आहे. त्याच्याही पुढ्यात कधीतरी दुसरा मणी आला असणारच. सोन्याला निदान ठशात बसवता येतं. दगड घासून मणी करणाऱ्याला दगड देईल तेवढंच माप मिळायचं. तेव्हा तो मणी करून झाल्यावर निवडायला बसायचा. लहान मागे, मोठे पुढे, मधला सगळ्यांत मोठा.

मला वाटतं, खरी विद्या त्या निवडण्यात आहे. माळ पाहणारा डोळा पहिला मणी आणि चाळिसावा मणी शेजारी ठेवून पाहत नाही. तो एका मण्यावरून लगतच्या मण्यावर जातो. शेजाऱ्याशी जमलं की त्याचं समाधान होतं. केनच्या एका टोकाचा काप आणि दुसऱ्या टोकाचा काप यांत थोडाफार फरक पडतोच, पण कापले त्याच क्रमानं ओवले तर तो कुणाला सापडत नाही. भाजून झाल्यावर सगळे मणी पांढऱ्या टॉवेलवर पसरून मी बराच वेळ नुसती त्यांच्या जागा बदलत बसते. सारखेपण मण्यात थोडं आणि माळेत पुष्कळ असतं, हे त्या टॉवेलवर कळतं. एकटा पाडलेला मणी फटफजिती करतो, योग्य दोघांच्या मध्ये बसवला की तोच खपून जातो.

कानातल्यांना ही सोय नाही. तिथे शेजार एकच, तोही चेहऱ्याच्या पलीकडे. म्हणून मी जोडी करताना तिसरा मणी करून ठेवते. गर्दीत उतरताना ओढणीत अडकून एक पडणं हे आमच्याकडच्या बायकांचं ठरलेलं नुकसान. तिसराही संपला असेल आणि कुणी म्हणालं, ‘ताई, एकच करून द्या ना असाच,’ तर मी नाही म्हणते. त्या रंगाच्या जवळपास जाणारा मणी करणं अवघड नाही. पण जवळपासचा मणीच सगळ्यांत वाईट दिसतो. डोळा त्याला चूक समजतो. त्याऐवजी उरलेलं निळं असेल तर मी गर्द पिवळं करून देते, मापात आणि वजनात तंतोतंत, रंगात उघड वेगळं. तसं घातलं की ती चूक राहत नाही, आवड होते. परवा एकीनं तर दोन्ही शाबूत असताना मुद्दाम एक निळं, एक पिवळं मागून नेलं.